आत्याची सही

2022 च्या नवरात्रात आमच्या आत्याने दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे तीनदा दिले. दूधवाला भला माणूस. तिसऱ्या वेळी तो ते पैसे घेऊन थेट बाबांकडे आला आणि म्हणाला, "काका, बेनने जरा डॉक्टरने बतावो."

आत्या म्हणजे प्रतापनगरला रेल्वेच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं नोकरी केलेली बाई. लग्न केलं नाही. स्वतःच्या पैशांनी मांजलपूरला छोटा फ्लॅट घेतला, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. रोज रात्री खर्चाची वही लिहिल्याशिवाय झोपत नसे. लहानपणी ती मला शेवउसळ खायला न्यायची आणि घरी आल्यावर वहीत "शेवउसळ, बंड्या हट्ट" अशी नोंद करायची. त्या बाईकडून तीनदा पैसे जाणं म्हणजे आमच्या घरात सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखं होतं. तरीही "वय झालं" म्हणत आम्ही तीन महिने काढले. मी तेव्हा पुण्यात, लॅपटॉपसमोर. दूरून सगळं ठीकच दिसतं.

जानेवारीत न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. आधी थायरॉइड, बी-12, मेंदूचा स्कॅन, कारण विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात आणि ती आधी वगळावी लागतात. मग डॉक्टरांनी कागद पुढे केला, "मासी, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं." आत्याने वर्तुळ सुंदर काढलं, पण सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले आणि डावी बाजू कोरी ठेवली. शंभरातून सात सात वजा करा म्हटल्यावर 93, 86, 79 असं झरझर सांगितलं आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कुठे होतो रे आपण?" मी खिडकीकडे बघायला लागलो.

निदान झालं, अल्झायमरची सुरुवात. औषध लिहून दिल्यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला तेव्हा फार कोरडं वाटलं होतं. ते म्हणाले, "औषधाने वेग थोडा कमी होईल, बरं होणार नाही. पण कागदपत्रांची कामं या वर्षात उरकून घ्या. आज मासींना सगळं समजतंय." आजारी माणूस समोर बसलेला असताना हे कागदांचं काय बोलतायत, असं मनात आलं. आज वाटतं, त्यांनी दिलेल्या सगळ्यात उपयोगी गोळीचं नाव तेच होतं.

घरी मी विषय काढला आणि बाबा भडकले. "माझ्या सख्ख्या बहिणीला मृत्युपत्र कर म्हणून सांगू? तिला मूल नाही, बाळ नाही. लोक म्हणतील, भाऊ टपूनच बसला होता." आई गप्प. माझीही बोलायची हिंमत होईना, कारण बाबांच्या मागोमाग लोक माझंच नाव घेणार होते. आमच्याकडे पैशाबद्दल बोलणं म्हणजे पैशावर डोळा असणं. त्या लाजेत आणखी एक महिना गेला.

त्या महिन्यात मी एक शहाणपणा केला. कोर्टाजवळच्या एका टायपिस्टकडून कुलमुखत्यारपत्र, म्हणजे जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी करून घेतलं. स्टँप, नोटरी, आत्याची सही, माझी सही. आता बँक, फ्लॅट, टॅक्स सगळं मी बघू शकेन. टायपिस्टने छातीठोक सांगितलं, "साहेब, हवे कोई चिंता नहीं." मी तो कागद स्कॅन केला, तीन ठिकाणी बॅकअप घेतला आणि निवांत झालो. सॉफ्टवेअरवाल्यांचा बॅकअपवर फार विश्वास.

तो कागद किती पोकळ आहे हे आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीने सांगितलं. ती इथेच वकिली करते. तिने विचारलं, "दादा, हा कागद तुम्हाला कधी लागणार आहे?" मी म्हटलं, "आत्याला काही समजेनासं होईल तेव्हा." ती म्हणाली, "नेमका त्याच दिवशी तो संपतो."

हे मला तरी माहीत नव्हतं, आणि नंतर मंडळाच्या गणपतीत दहा जणांना विचारलं तर नऊ जणांना माहीत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो. मुखत्यारपत्र म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला आपल्या वतीने काम करायला दिलेली परवानगी. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 201 सांगतं, की परवानगी देणारा वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की ती परवानगी संपते. इंग्लंड-अमेरिकेत मन गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही. शरीर थकलंय, बँकेत जाववत नाही, पण डोकं शाबूत आहे, अशांना हा कागद छान. स्मृतिभ्रंशात तो चढावर बंद पडणाऱ्या स्कूटरसारखा. आणि तो बंद पडल्याचा दिवस कुणी कॅलेंडरवर लिहून देत नाही. मी पुढे तो वापरत राहिलो असतो आणि चुलत बहिणीने हरकत घेतली असती, तर प्रत्येक सहीचा हिशोब मला द्यावा लागला असता.

"मग उपाय काय?" मी विचारलं.

"आज त्यांना समजतंय ना? मग जे करायचं ते मुखत्यार म्हणून तुम्ही करू नका. त्यांचं त्यांना करू द्या. आजच्या तारखेला."

तिने आणखी एक गैरसमज काढला. निदान झालं म्हणजे माणसाची सही बाद झाली, असं नाही. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्रासाठी कसोटी एवढीच, की ते करताना आपण काय करतोय हे त्या माणसाला कळत असलं पाहिजे. आपल्याकडे काय आहे, आपली माणसं कोण आणि कुणाला काय द्यायचंय हे आत्याला सांगता येत असेल, तर तारीख चुकली, दूधवाला विसरला तरी तिचं मृत्युपत्र खरं. फक्त उद्या कुणी शंका घेतली तर पुरावा हवा. तो पुरावा आजच गोळा करायचा.

आता आत्याशी बोलणं भाग होतं. बाबा येईनात. मी एका सकाळी एकटाच गेलो. सकाळी ती ताजी असायची, संध्याकाळी गोंधळायची, हे तोवर आमच्या लक्षात आलं होतं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "बंड्या, तू विलबद्दल बोलायला आलायस ना? मग बोल की. मी शेवटची बारा वर्षं सेटलमेंटला होते."

रेल्वेत सेटलमेंट म्हणजे निवृत्तीनंतरचे किंवा माणूस गेल्यानंतरचे पैसे चुकते करणं. ती सांगत राहिली. नॉमिनेशन न भरलेले गँगमन, दोन बायकांची भांडणं, टेबलासमोर रडणारी एखादी म्हातारी. "ज्यांनी कागद केले नाहीत त्यांची माणसं मी पाहिली आहेत. तुझा बाप भित्रा आहे. त्याला सांग, मला भीती मरणाची नाही, मला भीती आहे की मी जिवंत असेन आणि माझ्या पैशांसाठी तुम्हाला लोकांच्या दारात उभं राहावं लागेल."

आमच्या सगळ्या चर्चेत नेमका हाच मुद्दा सुटला होता. "नॉमिनी लावलाय" असं म्हणून आपण निश्चिंत होतो. पण नॉमिनीचं काम माणूस गेल्यावर सुरू होतं, आणि तेव्हाही बँकेपुरता तो पैसे घेणारा असतो. मालक वारस किंवा मृत्युपत्रात नाव असलेला. आयुर्विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 सालीच सांगितलंय आणि शेअर्सबाबत 2023 मध्ये. स्मृतिभ्रंशात मधली आठ-दहा वर्षं असतात. माणूस आहे, पैसे आहेत, सही नाही. मृत्युपत्र आणि नॉमिनी या मधल्या वर्षांत दोन्ही निरुपयोगी.

म्हणून आधी बँक. बचत खात्याला आणि एफडींना दुसरं नाव जोडायचं, आयदर ऑर सर्व्हायवर. आत्याने बाबांचं नको, माझं सांगितलं, "तो पंचाहत्तरीला आला, त्याची सही कोण करणार?" फॉर्म भरून शाखेत गेलो आणि तो परत आला. बँकेकडची नमुना सही 1979 सालची, तिरकी, झोकदार, इंग्रजीत. आत्याने फॉर्मवर शाळेतल्यासारखं सुबक मराठीत नाव लिहिलं होतं. कर्मचारी बिचाऱ्या नियमाने बरोबर होत्या. आत्याला मात्र ते फार लागलं. रिक्षात बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खर्चाच्या वहीत तिने दोन पानं भरून इंग्रजी सही गिरवलेली होती. शेवटच्या पाच-सहा अगदी 1979 च्या. त्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, नाव जोडलं गेलं आणि नवीन नमुना सहीही देऊन आलो.

हात थकलेल्यांसाठी अंगठ्याची सोय असते. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. पण तीही हात थकल्यावरची सोय, मन थकल्यावरची नव्हे.

एफडींमध्ये एक खाच आहे. आयदर ऑर सर्व्हायवर असली तरी मुदतीआधी मोडायची झाली, की दोघं हयात असताना सहसा दोघांच्या सह्या मागतात. आधीच तसा अधिकार दोघांनी मिळून लिहून दिलेला असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही तो लिहून दिला, शिवाय मोठी एफडी मुदत संपल्यावर तिचे पाच तुकडे केले, दर काही महिन्यांनी एक सुटेल असे. मोडायची वेळच येऊ नये. पोस्टातल्या सीनियर सिटिझन योजनेत मात्र माझं नाव लागलं नाही, कारण तिथे जोडीदाराखेरीज कुणाचं चालत नाही. लग्न न केलेल्यांचा विचार नियम करणाऱ्यांच्या डोक्यात उशिराच येतो. त्याचं व्याज तिमाहीला बचत खात्यात येतं, एवढ्यावर भागवलं. यूपीआय बंद केलं, कार्डाची मर्यादा कमी केली. खरं सांगायचं तर त्याआधी सहा महिने तिचं कार्ड घेऊन पिन टाकून पैसे मीच काढत होतो. घरोघरी हेच चालतं आणि ते नियमात बसत नाही. संयुक्त खातं झाल्यावर माझं स्वतःचं कार्ड आलं आणि रात्रीची झोप जरा सुधारली.

आता मृत्युपत्र. वकीलबाईंनी मला आणि बाबांना खोलीबाहेर बसवलं. दीड तास. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. मसुदा मराठीत झाला, कारण आत्या विचार मराठीत करते. वाचून दाखवल्यावर तिने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, हेही वकीलबाईंनी नोंदवून ठेवलं. सहीच्या दिवशी सकाळी आधी डॉक्टरांकडे. त्यांनी तपासून लिहून दिलं, की आज या बाईंना आपली मालमत्ता, आपली माणसं आणि आपण करत असलेली व्यवस्था समजते आहे. तिथून सब-रजिस्ट्रारकडे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावरचंही चालतं, दोन साक्षीदार मात्र हवेतच. आम्ही नोंदणी केली, कारण तिथे फोटो, अंगठा, तारीख सगळं सरकारदरबारी लागतं. साक्षीदार म्हणून आमचे फॅमिली डॉक्टर आणि आत्याच्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रीण, दोघांनाही त्यातून काही मिळणार नव्हतं.

तिथल्या अधिकाऱ्यांनी आत्याला विचारलं, "बेन, आ शानो कागळ छे?"

आत्या खुर्चीत सरळ झाली. "विल छे. मारुं. कोईए जबरदस्ती करी नथी."

बाहेर येऊन तिने सीताफळ आइस्क्रीम मागितलं.

त्यात काय लिहिलंय हे तिने मला आठवडाभरात स्वतःच सांगितलं. मग सांगितल्याचं विसरून पुन्हा सांगितलं, आणि आणखी एकदा. फ्लॅट माझ्या चुलत बहिणीला, इंदूरला असते तिला. तिच्या वडिलांशी, म्हणजे काकांशी, बाबांचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं आणि काका तसेच गेले. स्वयंपाकाच्या बेनना दोन लाख. सेवाशुश्रूषेचा खर्च जाऊन एफडीत जे उरेल ते मला आणि माझ्या बहिणीला. आणि मला हार्मोनियम.

मी खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छातीत काहीतरी हललं. पुण्याहून दर पंधरा दिवसांनी गाडी पकडणारा मी, बँकेत रांगा लावणारा मी, आणि फ्लॅट वर्षातून एकदा राखी पाठवणारीला? दोन दिवस मी धुसफुसत होतो. बायकोने एकच विचारलं, "तू वाजवतोस का हार्मोनियम?" मी नाही म्हणालो. "मग शीक," म्हणाली. तिसऱ्यांदा आत्याने सांगितलं तेव्हा कारणही सांगितलं, "मोठ्याचं घर माझ्यामुळे तुटलं असं मला वाटतं. तुझ्याजवळ घर आहे." ते कारण पहिल्या दोन वेळा ती विसरली असावी, किंवा मी ऐकलं नसावं. शिवाय मी टपून बसलो होतो असं म्हणायला आता कुणाला जागा उरली नाही. हा विचार मला फार उशिरा सुचला हे कबूल.

उपचारांबद्दलचं तिचं म्हणणंही लिहून घेतलं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवता येतं आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. पण तो उपचारापुरता, पैशांना हात लावायचा अधिकार त्यातून मिळत नाही. शेवटच्या अवस्थेत नळ्या नकोत, असं तिचं ठाम मत. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार वेगळा कागद करता येतो. 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली आहे, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्या कागदावर सही करताना बाबा पहिल्यांदा तिच्या शेजारी बसले. काही बोलले नाहीत. तिच्या पेनाचं टोपण हातात धरून होते.

एक गोष्ट आम्ही सोडवू शकलो नाही. पैसे संपले आणि तिच्या सेवेसाठीच फ्लॅट विकायची वेळ आली, तर आता तिची सही चालणार नाही आणि माझी कधीच चालत नव्हती. मग उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोमातल्या रुग्णांच्या बाबतीत अशा नेमणुकीची पद्धत घालून दिली. वकीलबाई म्हणाल्या, रस्ता आहे, पण लांबचा आहे. फ्लॅट आधीच कुणाच्या नावे बक्षीसपत्र करून टाकावा असं एका नातेवाइकाने सुचवलं होतं. त्यावर आत्याच म्हणाली, "डोक्यावरचं छप्पर मी जिवंतपणी देत नसते."

सध्याचा हिशोब असा, की दिवसाच्या बाईंचा पगार, रात्रीच्या बाईंचा पगार आणि डायपर मिळून पेन्शनच्या थोडं वर जातं. फरक एफडीच्या व्याजातून निघतो. डॉक्टर आणि औषधं रेल्वेच्या हॉस्पिटलमधून मिळतात, ही तिच्या नोकरीची कृपा. आरोग्यविमा या आजारात फारसा उपयोगी पडत नाही, कारण खर्च हॉस्पिटलचा नसतोच, घरी माणूस ठेवण्याचा असतो. जुन्या करपद्धतीत असाल तर ज्येष्ठ नागरिकांच्या उपचारखर्चावर लाखापर्यंत वजावट आहे, पण त्यात मेंदूरोगतज्ज्ञांनी अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असल्याचं लिहून द्यावं लागतं आणि रेल्वेकडून मिळालेला खर्च धरता येत नाही. आमच्या कामी ती आली नाही, तुमच्या येऊ शकेल.

2023 च्या अभ्यासात भारतात साठीवरच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, शंभरात सात-साडेसात. आपल्या मंडळाच्या कोजागरीला जेवढे आजी-आजोबा जमतात त्यांच्याकडे बघून मी हल्ली मनातल्या मनात मोजतो. वाईट सवय आहे.

सही तिची 2024 च्या पावसाळ्यात गेली. एके दिवशी वहीत नाव लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. खर्चाची वही आता मी लिहितो, तिच्यासमोर बसून, मोठ्याने. "दूध, 66." ती मान हलवते. इंदूरची बहीण मे महिन्यात आठ दिवस येऊन राहिली, पंधरा वर्षांनी. बाबांनी तिला सुरसागरला नेऊन भेळ खाऊ घातली.

परवा नोव्हेंबर लागला म्हणून हयातीचा दाखला करायला बसलो. पूर्वी ती स्वतः बँकेत जाऊन सही करून यायची, आता फोनवर चेहरा दाखवून होतो. ॲप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. मी फोन धरला. ती त्यात स्वतःला बघत राहिली.

"हे काय चाललंय रे?"

"आत्या, तू जिवंत आहेस त्याचा दाखला काढतोय."

"मग मला विचार की," ती म्हणाली. "फोनला काय विचारतोस?"

आणि हसताना तिचे डोळे मिटले, उघडले. दाखला निघाला.